डाव्या हाताला साबण नाही

समुद्रफुलाला भोक एकच. त्यातूनच ते खातं आणि त्यातूनच हगतं. ही माहिती नाकबाईला लग्नानंतर तिसऱ्या दिवशी सासऱ्यांनी दिली, आणि तीही जेवायला बसल्यावर. तिने हातातला घास ताटात परत ठेवला, पाणी प्यायली आणि उठली. सासऱ्यांना वाटलं, सुनेची भूकच कमी आहे.

नाकबाई हे नाव कारखान्यातलं. साबणाच्या कारखान्यात ती वास तपासायची. साबणात सुगंध काय, कुणीही ओतेल. त्या सुगंधाखाली तेल खवट झालंय का, हे ओळखायला नाक लागतं. टीपकागदाची पट्टी पातळ साबणात बुडवायची, नाकाखाली धरायची आणि शून्य ते दहामधला एक आकडा सांगायचा. शून्य म्हणजे स्वच्छ, दहा म्हणजे खोली सोडा. तिने ‘चार’ म्हटलं की अख्खी खेप परत जायची. मालकाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या तरी आकडा बदलायचा नाही. एरवी मऊ बाई, पण आकड्याच्या बाबतीत ती कुणाच्या बापाला भ्यायची नाही.

असं नाक कारखान्याच्या कपाटात काढून ठेवून घरी येता येत नाही. नवऱ्याचे मोजे, शेजारचा ओला कुत्रा, फ्रिजमधलं परवाचं दूध, सगळं तिला दारातूनच कळायचं. दिवसातून वीस वेळा ती हात धुवायची, कारखान्यातल्याच सगळ्यांत भारी साबणाने. आणि अशा बाईच्या नशिबी काय, तर पुढच्या खोलीत चार फुटी खाऱ्या पाण्याची टाकी.

टाकी सासऱ्यांची. त्यांनी चाळीस वर्षं नळ आणि तुंबलेली गटारं दुरुस्त करण्यात घालवली होती; किळस हा शब्द त्यांच्या कोशातच नव्हता. सासूबाई गेल्या, कामही सुटलं, तेव्हा त्यांनी स्वतःच्या हाताने नळ्या जोडून ही टाकी उभी केली. तिच्यात दोन नारिंगी पट्टेवाले मासे, काही दगड, आणि मधोमध ते समुद्रफूल, नावाने फूल पण जातीने प्राणी. जेवणाच्या ताटाएवढं, तपकिरी, बोटाबोटाच्या टोकाला फुगा आलेलं. सासरे त्याला राणीसाहेब म्हणायचे. चिमट्याने कोळंबीचा तुकडा भरवायचे, आणि दुसऱ्या दिवशी त्याने त्याच तोंडातून तपकिरी शेंबडाचा गोळा बाहेर टाकला की घरभर सांगत सुटायचे, “राणीसाहेबांचं पोट साफ झालं.”

सासरा-सुनेत एक तह मात्र होता. संध्याकाळी ती दारात चप्पल काढत असतानाच सासरे आतून विचारायचे, “सूनबाई, आज किती?” ती एकदा हुंगायची आणि म्हणायची, “दोन.” कधी ‘तीन’ म्हणाली, तर सासरे बादल्या काढायचे आणि त्याच संध्याकाळी पाणी बदलायचे. पाणी तपासायच्या बाटल्या त्यांच्याकडे होत्या, पण त्यांचा भरवसा तिच्या नाकावर. बारा वर्षांत तिने त्यांना एकदाही खोटा आकडा सांगितला नव्हता.

मग सासऱ्यांच्या आतड्यात गाठ निघाली. सोमवारी ते इस्पितळात दाखल झाले, बुधवारी शस्त्रक्रिया. जाण्यापूर्वी त्यांनी टाकीच्या काचेवर कागद चिकटवला. माशांना किती खायला घालायचं, दिवा किती वाजता बंद करायचा, वगैरे. शेवटी लिहिलं होतं: “गुरुवारी पंपाच्या तोंडावरचा काळा स्पंज काढून टाकीच्याच पाण्यात पिळणे. परत बसवणे.”

गुरुवारी नाकबाईने स्पंज काढला. काढला म्हणजे, स्वयंपाकघरातल्या चिमट्याने उपटला. त्यातून काळपट चिकट पाण्याची तार लोंबत जमिनीपर्यंत आली आणि नासक्या अंड्याचा भपकारा तिच्या तोंडावर बसला. हे पिळायचं? हाताने? तिने तो स्पंज चिमट्यासकट दोन पिशव्यांत बांधला आणि कचऱ्यात टाकला. शनिवारी सुट्टी होती, तेव्हा दुकानातून नवा आणू. दोन दिवसांत काय आभाळ कोसळतंय? तिने तीनदा हात धुतले आणि विषय संपवला.

समुद्रफूल दिसतं फुलासारखं, पण ते चालतं. मनात आलं की पायाची बैठक सोडतं आणि हळूहळू सरकत दुसरी जागा बघतं. त्या रात्री राणीसाहेबांच्या मनात आलं.

शुक्रवारी संध्याकाळी ती कामावरून आली तेव्हा वास जिन्यातच भेटला. कुलपात किल्ली फिरवतानाच तिच्या डोक्यात आकडा आला: सात. टाकीतलं पाणी गढूळ, त्यात तपकिरी धागे तरंगत होते, मासे दगडामागे दडले होते. पंप घशात काहीतरी अडकल्यासारखा घरघरत होता, आणि त्याच्या तोंडात अर्धं समुद्रफूल ओढलं गेलं होतं. बाहेर राहिलेलं अर्धं लोळागोळा होऊन लोंबत होतं.

तिने पंपाचं बटण बंद केलं आणि मासेवाल्याला फोन लावला. हा म्हणजे शोभेच्या माशांच्या दुकानाचा मालक, सासऱ्यांचा दोस्त.

“ओढू नका ताई,” तो म्हणाला. “पंपाच्या तोंडाची जाळी सोडवा आणि हलक्या हाताने मोकळं करा.”

“हाताने?”

“मग काय पायाने?”

तिने भांड्यांचे पिवळे हातमोजे चढवले. ते कोपराच्या आधीच संपत होते आणि टाकी दंडापर्यंत खोल. हात आत घालताच मोज्यात ते गढूळ पाणी भरलं, बोटांभोवती कोमट कोमट खेळायला लागलं. तिने मोजे काढून फेकले, कोपरापर्यंत साबणाने खसखसून हात धुतले आणि डोळे मिटून उघडा हात आत घातला. कुणीतरी सर्दीत आठवडाभर वापरलेल्या रुमालात हात घालावा, तसं वाटलं. ते बोटांना चिकटत होतं. सोडवता सोडवता त्याचे तुकडे तिच्या नखांत गेले. ती आकडे मोजत राहिली, एक ते शंभर, पुन्हा एक ते शंभर. शेवटी ते सुटून तिच्या तळव्यात आलं. बैठक फाटलेली, एका अंगाला तोंडापर्यंत गेलेली चीर, आणि तोंड उलटं होऊन बाहेर आलेलं.

“तोंड बाहेर आलंय?” मासेवाला फोनवर म्हणाला. “मग संपलं, ताई. काढून टाका. आत सडलं तर सकाळपर्यंत मासेही उलटे तरंगतील. वास कसा येतोय?”

“सात.”

“सात काय?”

तिने पर्समधून टीपकागदाची पट्टी काढली, पाण्यात बुडवली आणि ओकारी दाबत नाकाखाली धरली. चिखल. ओलं लोखंड. कच्ची कोळंबी. औषधाच्या रिकाम्या बाटलीसारखं काहीतरी. दुर्गंध होताच, पण ज्या वासासाठी कारखाना तिला पगार द्यायचा, तो सडण्याचा वास त्यात नव्हता.

“मेलेलं नाही,” ती म्हणाली.

“वीस वर्षं दुकान आहे माझं.”

“आणि माझं नाक बेचाळीस वर्षांचं आहे.”

मासेवाल्याने सुस्कारा सोडला आणि मग उपाय सांगितले. भाजी धुवायची प्लास्टिकची चाळणी टाकीत टांगून त्यात ते ठेवायचं, म्हणजे पुन्हा कुठे ओढलं जाणार नाही. रोज पाचवा हिस्सा पाणी बदलायचं. ते ओकेल ती घाण हाताने आणि नळीने काढायची. आठ दिवस खायला काही नाही. “आणि एवढं करूनही मेलं, तर मला दोष देऊ नका,” तो म्हणाला.

चाळणी टांगून होते न होते तोच नवऱ्याचा फोन आला. तो इस्पितळातच राहत होता, सकाळी फक्त आंघोळीला घरी यायचा.

“बाबांना पिशवी लागली,” तो म्हणाला.

“कसली पिशवी?”

“पोटाला. आता खालून नाही. पोटातून आतड्याचं तोंड बाहेर काढलंय, तिथूनच. डॉक्टर म्हणतात, कायमची. आणि बाबा म्हणतात, घरी यायचं नाही. इथून सरळ वृद्धनिवासात. मला फॉर्म आणायला लावलाय. तुला यातलं काहीच सांगू नको म्हणाले होते, आणि तिला इथे आणूही नको म्हणाले.”

“का?”

“तुझं नाक, दुसरं काय. म्हणतात, मी चाळीस वर्षं लोकांच्या घाणीत हात घातला, पण माझ्या घाणीचा आकडा सुनेने रोज मोजायचा हे मला बघवणार नाही.”

नाकबाई टाकीसमोर उभी होती. तिचा हात कोपरापर्यंत चिकट होता. खरं सांगायचं तर, ते ऐकून तिला पहिल्यांदा वाटलं ते हेच, की सुटले. एक श्वासभर वाटलं. आणि दुसऱ्या श्वासाला स्वतःचीच अशी किळस आली की त्या टाकीची काय येईल.

“बाबा विचारतायत, आज किती?” नवरा म्हणाला.

तिने चाळणीतल्या त्या लिबलिबीत गोळ्याकडे पाहिलं. “दोन,” ती म्हणाली.

बारा वर्षांतला तो पहिला खोटा आकडा. फोन ठेवल्यावर तिने चारदा हात धुतले. दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा आला, तेव्हा तिने टाकीबद्दल तोंड उघडायचं नाही अशी त्याला ताकीद दिली आणि सासऱ्यांसाठी सहा भारी साबणांचं खोकं सोबत दिलं. निदान चांगल्या वासात तरी राहतील. माणूस स्वतःच्या जवळ जे असतं तेच दुसऱ्याला देतो.

नवा स्पंज शनिवारीच आला. आणि मग सुरू झाली ती सेवा. सेवा हा शब्द फार गोंडस आहे; ती निव्वळ हमाली होती, तीही घाणीची. रोज बादलीभर पाण्यात समुद्री मीठ कालवायचं, ढवळायचं, कोमट करायचं. जुनं पाणी नळीने ओढून काढायचं. सासरे नळीचं एक टोक तोंडात धरून पाणी ओढायचे, म्हणून तिनेही तसंच केलं, आणि तपकिरी खाऱ्या पाण्याचा एक घोट थेट तिच्या जिभेवर आला. त्या दिवशी ती जेवली नाही. समुद्रफुलाच्या चिरेतून चिकट पडदे सुटायचे, ते बोटाने गुंडाळून काढावे लागायचे. आणि ते मेल्यासारखं पडून असलं तरी बोटाला चिकटायचं. तिला वाटायचं, ते तिच्याकडून काहीतरी शोषून घेतंय. प्रत्येक वेळी आधी कोपरापर्यंत हात धुवायची, तीनदा. नंतरही धुवायची, पाचदा. इतकी स्वच्छता पाळून कुठल्या आजाऱ्याला बरं वाटणार नाही?

समुद्रफुलाला वाटलं नाही. सोमवारपर्यंत ते आक्रसून लिंबाएवढं झालं. पाण्यावर बारीक फेस जमला. मासे वर येऊन तोंडं उघडझाप करायला लागले. शेवटी मासेवाला दुकान बंद करून स्वतः आला. दारातून आत पाऊल टाकलं आणि जागीच थांबला.

“इथे फुलांचा वास कसला येतोय?” तो म्हणाला.

“फुलांचा?” नाकबाईने हुंगलं. “मला तर काही येत नाही.”

तिला येणार नव्हताच. कारखान्यातला प्रत्येक दोष ओळखणारं ते नाक. पण ज्या वासात माणूस रात्रंदिवस राहतो, तो त्याला येईनासा होतो. मासेवाल्याने टाकीवर वाकून फेस बोटावर घेतला, चोळून पाहिला. मग तिच्या हातांकडे बघितलं.

“हात कशाने धुता?”

“आमच्याच साबणाने. कोपरापर्यंत, तीनदा. आत हात घालायच्या आधी.”

मासेवाला खुर्चीत बसला. “ताई,” तो म्हणाला, “स्पंज काढून तुम्ही त्याला फाडलंत. आता साबण घालून मारताय.”

“किळस येते हो मला.”

“त्याला तुमची येत असेल.”

मासेवाल्याने निम्मं पाणी काढून टाकलं, पाणी शुद्ध करणाऱ्या कोळशाची पिशवी आत सोडली आणि जाताना फर्मान काढलं. एक हात टाकीचा. त्याला साबण नाही, मलम नाही, काही नाही. ते बरं होईपर्यंत फक्त साधं पाणी. हातमोजे नकोत, त्यांना ते चिकटून आणखी फाटतं. “कोणता हात देताय?” त्याने विचारलं.

“डावा,” ती म्हणाली, जणू हात कापूनच द्यायचा होता.

आता साबणाच्या कारखान्यात, वास तपासणाऱ्या खोलीत, एका हाताला साबण न लावलेली बाई बसली तर काय होतं? पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या टेबलावरच्या बाईने टेबलाखाली वाकून पाहिलं. तिसऱ्या दिवशी तपासणीप्रमुख दारात उभे राहून म्हणाले, “या खोलीत काहीतरी मेलंय.” सगळ्या माना नाकबाईकडे वळल्या, कारण अशा वेळी काय मेलंय आणि कुठे, हे तीच सांगायची. तिने डावा हात खिशात खोल सारला. “मेलेलं नाही,” ती म्हणाली. “आजारी आहे.” त्यांनी तिला खिडकीजवळच्या टेबलावर बसवलं आणि दिवसभर पंखा तिच्या दिशेने लावून ठेवला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वासाला नाक मुरडणाऱ्या बाईला त्या दिवशी कळलं, की आपल्यामुळे नाक मुरडलं गेलं की कानशिलं कशी तापतात. तिला सासरे आठवले. त्या दिवशी तिने डबा एकटीने खाल्ला.

घरी ती डावा हात पांघरुणाबाहेर ठेवून झोपायची. नखांच्या कडा तपकिरी झाल्या होत्या. कोपराच्या वळीत पांढरं मीठ सुकायचं. झोपेत हात चुकून तोंडाजवळ आला की ती दचकून जागी व्हायची. पण टाकीतला आकडा उतरत होता. सात, सहा, साडेपाच. समुद्रफूल लिंबाचं मोसंबं झालं. तोंड आत गेलं. चिरेच्या दोन कडा एकमेकींकडे सरकू लागल्या.

शुक्रवारी ती चाळणीतली घाण काढत होती. ते एकाएकी फुगलं, तोंड उघडलं आणि तपकिरी, धाग्याधाग्यांचा, ऊन ऊन वाटणारा एक गोळा तिच्या तळहातावर आला. अगदी मधोमध. ती न्हाणीघरात धावली आणि पोटात होतं नव्हतं ते सगळं ओकली. उजव्या हाताने मासेवाल्याला फोन लावला.

“हगलं?” तो म्हणाला. “वा. मग जगलं.”

ती खाली बसली. डावा हात अजून तसाच पुढे धरलेला होता, आणि तिला रडू येत होतं. किळसेने की आनंदाने, हे तिला सांगता आलं नसतं.

रविवारी नवरा म्हणाला, बाबांना उद्या सोडणार, निवासाच्या फॉर्मवर आज सही. नाकबाईने पर्स उचलली. “बाबांनी तुला नको म्हटलंय,” तो म्हणाला. ती त्याच्या आधी जिना उतरली.

सासरे भिंतीकडे तोंड करून पडले होते. पांघरूण हनुवटीपर्यंत, खिडकी सताड उघडी. उशाशी तिने पाठवलेलं साबणाचं खोकं होतं. त्यातल्या तीन वड्या संपलेल्या होत्या. दारातच तिला तो फुलांचा वास आला, कित्येक वर्षांत पहिल्यांदा, परक्या माणसाचा यावा तसा. आणि त्याच्या खाली दुसरा वास होता.

“हिला कशाला आणलंस?” सासरे न वळता मुलाला म्हणाले.

“मीच आले,” ती म्हणाली.

सासऱ्यांनी नाक हलवलं. मग मान वळवली. “हा टाकीचा वास आहे.”

तिने डावा हात त्यांच्यासमोर धरला. “स्पंज टाकून दिला मी, बाबा. पिळला नाही. किळस आली. मग राणीसाहेब पंपात गेल्या, निम्म्या फाटल्या. तुम्हाला दोन सांगितलं ते खोटं होतं. सात होते.”

सासऱ्यांनी मान उचलून त्या हाताकडे पाहिलं. तपकिरी नखं, मिठाचे डाग. नवरा खिडकीबाहेर काहीतरी शोधत होता.

“आज किती?” त्यांनी विचारलं.

“चार. चीर भरतेय. परवा माझ्या हातावर हगल्या.”

सासऱ्यांना हसू फुटणार होतं, पण पोट दुखलं असावं. त्यांनी पांघरुणावरून हात दाबला. मग ते खूप हळू आवाजात म्हणाले, “आणि इथे?”

“इथे काय?”

“इथे किती? हा म्हणतो, काहीच येत नाही. भेटायला येणारे म्हणतात, काहीच येत नाही.”

“खरंच बाबा, काही येत—” नवऱ्याने सुरुवात केली.

“तुला नाही विचारलं.”

तिने श्वास घेतला. खोटं बोलणं सोपं होतं; एकदा बोलून सवयही झाली होती. ‘दोन’ म्हटलं असतं तर सासऱ्यांनी मान हलवली असती आणि फॉर्मवर सही केली असती.

“साडेसात,” ती म्हणाली. “फुलांच्या खाली. डावीकडून येतोय. पिशवी सुटली आहे, आणि ती काही आत्ताच सुटलेली नाही.”

सासऱ्यांनी डोळे मिटले. “पहाटेपासून,” ते म्हणाले. “सांगायची लाज वाटली.”

तिने सिस्टरला हाक मारली. पांघरूण काढलं तेव्हा चादर डाव्या अंगाला ओली, तपकिरी झाली होती. सिस्टरने पिशवी अलगद सोडवली. पोटावर लाल, ओलसर, बोटभर वर आलेलं मांस, मधोमध भोक. ते हललं. नाकबाईने हे आधी पाहिलं होतं, रोज पाहत होती.

“तीन दिवस हेच चाललंय,” सिस्टर वैतागून म्हणाली. “पिशवी धरतच नाही. कातडीला लावता तरी काय?” मग तिला खोकं दिसलं. “हा साबण? अहो बाबा, इथे साबण लावायचा नाही. सुगंधी तर मुळीच नाही. त्याचा थर राहतो, मग चिकटणार कसं? फक्त साधं पाणी.”

“वास जावा म्हणून लावत होतो,” सासरे म्हणाले. “ही येईल म्हणून नाही. असंच.”

नाकबाईने खोकं उचलून नवऱ्याच्या हातात दिलं आणि ते बाहेर न्यायला सांगितलं. मग ती कोपऱ्यातल्या बेसिनकडे गेली आणि ओकली. हळूच, कुणाला कळू न देता वगैरे नाही. चांगली आवाज करून, दोनदा. नळ सोडला, चूळ भरली, डावा हात साध्या पाण्याने धुतला आणि तोंड पुसत परत आली.

“तुम्ही बाहेर थांबा,” सिस्टर म्हणाली. “मी करते.”

“नको. पहिल्यापासून दाखवा. उद्यापासून घरी मला करायचंय.”

“तुला किळस येते,” सासरे छताकडे बघत म्हणाले.

“येते,” ती म्हणाली. “खूप येते.” तिने डाव्या हाताची बाही वर सारली. “कुठून धरायचं?”

सिस्टरने तिची बोटं धरून जागा दाखवली. सासऱ्यांच्या मुठीत पांघरुणाचं टोक अजून होतं. ते त्यांनी सोडलं. दारात नवरा एका हातात साबणाचं खोकं आणि दुसऱ्या हातात फॉर्म घेऊन उभा होता.

“त्या निवासवाल्यांना नाही म्हणून कळव,” सासरे त्याला म्हणाले. “टाकी हिच्या एकटीच्या भरवशावर ठेवता यायची नाही.”

नाकबाईने मान वर केली नाही. तिने श्वास रोखून धरला होता.